तिघांच्या सहलीला दोघं

निघायला तीन दिवस उरले असताना आईनं पाय मोडून घेतला. शाळेच्या ग्रंथालयात ती एकवीस वर्षं काम करत होती आणि एकवीस वर्षं त्याच लाकडी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं काढत होती. त्या दिवशी स्टूल जागेवर राहिलं आणि आई खाली आली. घोट्याचं हाड तडकलं. सहा आठवडे प्लास्टर.

दवाखान्यातून घरी आल्यावर, पाय उशीवर ठेवून झाल्यावर, ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "तिकिटं परत होत नाहीत. तुम्ही दोघं जाऊन या."

"छे," चिमू आणि काका एकदमच म्हणाले, आणि मग दोघंही आईच्या प्लास्टरकडे बघायला लागले.

चिमू बावीस वर्षांची. लहानपणी जिथं पोहायला शिकली, त्याच तलावावर आता शिकवायची. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना गेले. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा आईनं दुसरं लग्न केलं, आणि एक लोखंडी पेटी आणि दोन बॅगा घेऊन काका घरी राहायला आले. काका लिफ्टचे मेकॅनिक. पेटीत हत्यारं होती. बॅगांमध्ये फारसं काही नव्हतं.

काकांशी चिमूचं वाकडं नव्हतं. तसं सरळही नव्हतं. नऊ वर्षांत दोघांचं एकदाही भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला लागते तेवढीसुद्धा ओळख झाली नव्हती. दोघांचं बोलणं आईमार्फत चालायचं. "आई, काकांना विचार, गीझर कधी बघणार." "अगं, तिला सांग, स्कूटरचं मागचं चाक बसलंय." बरं, तिघं एकाच खोलीत बसलेली असायची. चिमू बाहेरच्या खोलीत एकटी असली, तर काका आत यायच्या आधी खोकायचे. स्वतःच्या घरात.

ही सहल म्हणजे आईचा हट्ट होता. जिथं जायचं होतं त्या देशाबद्दल तिनं ग्रंथालयातलं मिळेल ते वाचलं होतं. चार दिवसांची सहल: समुद्र, जंगल, डोंगरातला धबधबा, पोवळ्यांचं बेट. वहीत तिनं चौदा गोष्टींची यादी केली होती, आकडे घालून. "पुस्तकातून मी तिथं चाळीस वेळा जाऊन आलेय," ती म्हणाली. "आता कुणीतरी डोळ्यांनी बघून मला सांगा. मावशी येतेय माझ्याजवळ राहायला. तुम्ही माझ्या उशाशी बसून तरी काय करणार आहात, माझं हाड मोजणार?"

दोघांनी आपापल्या बॅगा काढल्या.

विमानतळाच्या बाहेर पडल्या पडल्या कुणीतरी ओल्या टॉवेलनं तोंड पुसावं तशी तिथली हवा अंगाला लागली. काकांचा चष्मा पांढरा झाला. हॉटेल समुद्राजवळच्या गल्लीत होतं, तीन मजली, हिरव्या खिडक्यांचं. आत शिरताच काकांनी डावीकडे-उजवीकडे पाहिलं. "लिफ्ट नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती, नुसती नोंद.

खोल्या दोन होत्या, एक मोठी आणि एक लहान. मोठी आई आणि काकांसाठी म्हणून घेतलेली.

"मोठी तू घे," काका म्हणाले.

"मला एकटीला काय करायचीय?"

"मला तरी काय करायचीय?"

"तुमचं सामान जास्त आहे."

दोघांचं सामान सारखंच होतं. शेवटी काउंटरवरच्या बाईनं मोठीची किल्ली चिमूच्या हातात ठेवली आणि प्रश्न मिटवला. पहिला दिवस सगळा असाच गेला. "तू आधी." "नाही, तुम्ही आधी." दीपगृह पाहिलं, बाग पाहिली. बागेत एकेक पान दारासारखं होतं, आणि एका तळ्यात परातीएवढी पानं पाण्यावर पसरली होती. बाजारात कधी न पाहिलेली केसाळ, लाल फळं मिळाली. चिमू पुढं चालायची आणि काका तीन पावलं मागून, दोघांच्या पिशव्या घेऊन. ती थांबली की तेही थांबत. दीपगृहाच्या पायऱ्या ते एकटेच वर चढले. चिमूनं खाली सावलीत बसून पाणी प्यायलं आणि "ऊन लागलं" असं सांगितलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. चिमूनं फोटो आधीच पाठवले होते.

"बावीस फोटो पाठवलेस," आई म्हणाली. "सगळ्यांत तू आहेस. ते कुठायत? की विमानतळावरच विसरून आलीस?"

"तेच काढतात ना फोटो."

"तुला हात नाहीत का?"

पलीकडच्या खुर्चीत काका चष्मा पुसत बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि ते आपल्याला काहीच ऐकू न आल्यासारखे चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी यादीतला सहावा आकडा होता: जंगलातली तार. आईनं त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. डोंगराच्या एका कड्यावरून दुसऱ्या कड्यापर्यंत जाड तार ताणलेली असते. कमरेला पट्टे बांधायचे, पट्टे कप्पीला अडकवायचे, कप्पी तारेवर, आणि पाय उचलून सुटायचं. अशा आठ तारा एकामागून एक होत्या. शेवटची सगळ्यात लांब, खोल दरीवरून जाणारी.

पहिल्या मचाणावर रांग लागली होती. डोक्यावर हेल्मेटं चढली, पट्टे आवळले गेले. काकांची पाळी आली तेव्हा गाइडनं त्यांची कप्पी तारेवर चढवायला हात पुढं केला, तर काकांनी कप्पी स्वतःकडं घेतली. चाक अंगठ्यानं फिरवून पाहिलं. कानाजवळ नेऊन पुन्हा फिरवलं. मग वाकून, तार झाडाला जिथं बांधली होती तिथले पकडीचे नट एकेक करून बोटानं चाचपले.

"काका," चिमू दबक्या आवाजात म्हणाली, "लोक थांबलेत."

"हो, हो." पण शेवटचा नट चाचपूनच ते उठले. "चांगलं काम आहे," ते तिला म्हणाले. "तेलपाणी वेळच्या वेळी होतंय."

चिमूचे कान तापले. रांगेतल्या एका जोडप्यानं एकमेकांकडं पाहून हसू दाबलं.

तिला स्वतःला मात्र हसू येत नव्हतं. दहा फूट पाण्याच्या तळाशी मांडी घालून बसू शकणारी ही मुलगी गच्चीच्या कठड्यापाशी कधी जात नसे. हे आईलाही माहीत नव्हतं. पहिल्या सात तारा तिनं डोळे मिटून पार केल्या. प्रत्येक वेळी समोरच्या मचाणावर कुणीतरी तिला पकडायचं, मग ती डोळे उघडायची आणि "मस्त" म्हणायची.

आठव्या तारेला काका आधी गेले. वजनदार माणूस, सरळ रेषेत गेले आणि पलीकडं अलगद उतरले. मग चिमू सुटली. निम्म्यावर असेल तेव्हा दरीतून वारा वर आला आणि समोरून तिच्या अंगावर आदळला. मुळात ती किडकिडीत. त्यात घाबरून तिनं हातमोज्याचा हात तारेवर दाबला, म्हणजे ब्रेकच लावला. वेग संपला. कप्पी कुरकुरली आणि थांबली.

मचाण आणखी वीस-पंचवीस हातांवर होतं. खाली झाडांचे शेंडे होते, आणि त्यांच्याही खाली, फार खाली, नदीची पांढरी रेघ. चिमूनं नेमके तेव्हाच डोळे उघडले होते. तिनं ते गच्च मिटले आणि पट्ट्याला घट्ट मिठी मारली.

मचाणावरच्या गाइड मुलीनं तिला हाका मारल्या. हे रोजचंच होतं, हलकी माणसं अशी मधेच थांबतात, त्यांनी हातांनी तार ओढत यायचं असतं. चिमूला हे सकाळी समजावलं होतं. पण आता तिला ती भाषाही कळेना आणि आवाजही पोचेना. गाइड स्वतःला तारेवर अडकवून तिच्याकडं जायला निघाली, तेवढ्यात काकांनी गाइडच्या खांद्याला हात लावला आणि खुणेनं विचारलं, मी बोलू का? तिनं मान डोलावली.

"ऐकू येतंय का गं?"

चिमूनं हा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. मोठा होता, पण ओरडल्यासारखा नव्हता. घाई नसलेला, कामाला लागलेल्या माणसाचा आवाज.

"नुसती मान हलव. हां. डोळे मिटलेलेच राहू देत. बघण्यासारखं काही नाही तिथं, झाडंच आहेत."

"काका, मी पडेन."

"नाही पडणार. नट मी बघितलेत. त्या तारेला तुझ्यासारख्या दोनशे जणी लटकल्या तरी ती हूं की चूं करणार नाही. तू पडायचं ठरवलंस तरी तुला पडता येणार नाही. कळलं?"

"हं."

"लिफ्टमध्ये माणसं अडकतात ना, त्यांना मी पहिलं विचारतो, आज काय जेवलात. तू सांग."

"काय?" 

"सकाळी काय खाल्लंस?"

"तुमच्यासमोरच तर खाल्लं." तिच्या आवाजात रडणं होतं, पण थोडी चीडही होती. काकांना चीडच हवी होती.

"विसरलो मी. सांग."

"पाव. अंडं. ते लाल फळ."

"आता पट्टा सोड. एकच हात. दुसरा राहू दे. शाबास. आता पाठ माझ्याकडे कर. पाय जरा झटक, आपोआप वळशील. वळलीस. आता तो हात डोक्यावरून मागं टाक, माझ्याकडं. तार लागली? धर. ओढ स्वतःला. आता दुसरा हात. तू पाठीवर पोहतेस ना, तसंच. डावा खांदा तुझा जरा उशिरा फिरतो, तो नीट फिरव, बस्स."

मिटलेल्या डोळ्यांआड चिमूला वाटलं, यांना माझा डावा खांदा कसा माहीत? पण हात चालू झाले होते. उजवा मागं, धर, ओढ. डावा मागं, धर, ओढ. काका मोजत होते. अकरा, बारा. मधे एकदा तिचा हात निसटला आणि ती फूटभर मागं घसरली. तेव्हा काका त्याच आवाजात म्हणाले, "बारा पुन्हा. बाराच होतं ते." एकोणिसाव्या हाताला गाइडनं तिचा पट्टा पकडला आणि विसाव्याला तिचे पाय लाकडाला लागले.

काकांनी तिच्या हेल्मेटवर एक हात ठेवला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. चिमूचे पट्टे सुटेपर्यंत ते उभे राहिले आणि मग मचाणाच्या फळीवर मटकन बसले.

"आता मला बसू दे जरा," ते म्हणाले.

चिमूही त्यांच्या शेजारी बसली. काकांचं हेल्मेट एका कानावर उतरलं होतं. ते पाहून आधी तिला हसू फुटलं, मग त्यांना.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर हॉटेलच्या ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या टाकून दोघं बसली. चिमूचे तळवे लाल झाले होते. काकांनी स्वयंपाकघरातून बर्फ मागून आणला, रुमालात बांधला आणि तिच्यापुढं धरला. आईचा फोन आला तेव्हा त्यांनी तारेचं सगळं खरं सांगून टाकलं.

"घाबरलं कोण?" आईनं विचारलं.

"दोघं," चिमू म्हणाली.

"मग ठीक आहे," आई म्हणाली. पण तिनं फोन लवकर ठेवला.

बर्फ वितळून चिमूच्या कोपरापर्यंत पाणी आलं. "काका, माझा डावा खांदा उशिरा फिरतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका खुर्चीत जरा सावरून बसले. "तुमच्या तलावाच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडं आहे. दर दोन महिन्यांनी येतो. दुसऱ्या मजल्यावर काचेची भिंत आहे, तिथून खालचं सगळं दिसतं."

"मला कधी दिसला नाहीत."

"तू पाण्यात असतेस." थोडं थांबून ते म्हणाले, "काम दोन तासांचं असतं. मला तिथं चार लागतात. साहेब विचारतो, एवढं काय करता? मी सांगतो, जुनी लिफ्ट आहे."

"जुनी आहे?"

"नाही गं. चांगली नवी आहे."

चिमूनं रुमाल पिळला. नऊ वर्षं. दर दोन महिन्यांनी. गणित करायचं तिनं टाळलं. समोरच्या गल्लीतून एक बाई सायकलवर टोपली बांधून चालली होती, ती वळेपर्यंत दोघं तिच्याकडं बघत राहिली.

"तुम्ही खाली का नाही आलात?"

"तुला आवडलं नसतं."

"तेव्हा नसतं आवडलं," चिमूनं कबूल केलं. तिला खोटं बोलावंसं वाटेना. "मी तेरा वर्षांची होते. मला वाटायचं, तुम्ही आलात म्हणजे बाबांची खुर्ची, बाबांचं कपाट, सगळं हळूहळू जाणार. मी वाट बघत होते, कधी जातंय. मग तुम्ही पहिल्याच आठवड्यात भिंतीला ड्रिल लावलंत. मला वाटलं, झालं, बाबांचा फोटो उतरवला."

"खिळा सैल होता. फोटो पडला असता."

"माहितीये. मी नंतर हलवून बघितला. हलतच नव्हता."

काका हसले. "चार इंची स्क्रू आहे तो. भिंत पडेल, फोटो पडायचा नाही."

"आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत येताना खोकता, ते आता बंद करा. मला आधी वाटायचं तुम्हाला दमा आहे."

काकांनी मान हलवली.

"उद्या आईच्या यादीतलं काय आहे?" चिमूनं विचारलं.

"धबधबा." काका घुटमळले. "दुपारनंतर वेळ उरला तर... बंदराजवळ एक जुनी इमारत आहे. काल बसमधून दिसली. दार उघडं होतं आणि आत पिंजऱ्याची लिफ्ट होती. यादीत नाही ती. तू बाजारात फिर हवं तर, मी अर्ध्या तासात बघून येईन."

"मी पण येते," चिमू म्हणाली.

धबधबा पाहिला. त्याच्या तुषारांत उभं राहून काकांचा चष्मा पुन्हा पांढरा झाला आणि चिमूनं तसाच त्यांचा फोटो काढला. पण तिसऱ्या दिवसातलं तिच्या लक्षात राहिलं ते बंदराजवळचं. जुन्या कचेऱ्यांची दगडी इमारत होती. मधोमध गोल जिना, आणि जिन्याच्या पोटातून वर गेलेला लोखंडी जाळीचा पिंजरा. आत पितळी मुठीजवळ एका उंच स्टुलावर लिफ्टमन बसला होता, काकांपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात. त्याची भाषा या दोघांना येत नव्हती आणि यांची त्याला.

जाळीचं दार ओढून घेऊन त्यानं मूठ फिरवली. पिंजरा वर निघाला. काकांनी तळवा जाळीवर टेकवला आणि मान कलती केली, डॉक्टर छाती तपासतात तशी. तिसऱ्या मजल्याच्या जवळ त्यांनी एक बोट वर केलं. लिफ्टमननं चमकून पाहिलं. काकांनी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले: ब्रेकचा पट्टा घासतोय. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं जोरजोरानं मान हलवली, वर आभाळाकडं हात केला आणि कपाळावर मारून घेतला. मी सांगून सांगून थकलो, कोण ऐकतंय, असा त्याचा अर्थ चिमूलासुद्धा कळला.

त्यानं दोघांना गच्चीखालच्या मशीनच्या खोलीत नेलं. तिथं ग्रीसचा वास होता आणि एका खिळ्याला धुतलेलं फडकं टांगलेलं होतं. मोठं चाक, त्यावरून उतरणाऱ्या तारा, सगळं जुनं आणि लखलखीत पुसलेलं. दोघं पुरुष गुडघ्यांवर बसले. एक बोट दाखवायचा, दुसरा हं म्हणायचा. म्हाताऱ्यानं आपलं वाकडं झालेलं मधलं बोट दाखवलं आणि चाकाकडं इशारा केला. काकांनी उत्तरादाखल डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. त्याला नख नव्हतं.

"हे कधी झालं?" चिमूनं विचारलं.

"दाराच्या खाचेत सापडला होता. जुनं आहे."

"कधी?"

"तुझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला ना, त्या दिवशी. घरात सगळे खूश होते. म्हटलं, आज कशाला." 

चिमूला तो दिवस आठवला. काका एक हात खिशात घालून दारापाशी उभे होते आणि सगळ्यांच्या आधी झोपायला गेले होते. यांना काही आनंद झालेला नाही असं तिनं तेव्हा मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं.

तिनं दोघा म्हाताऱ्यांचा फोटो काढला. खरं तर काका म्हातारे नव्हते, पण त्या खोलीत ते दोघं शाळेत एका बाकावर बसलेले असावेत असे दिसत होते. निघताना लिफ्टमननं काकांचा नख नसलेला अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरून हलवला.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. सकाळी बोटीनं पोवळ्यांच्या बेटावर जायचं होतं. बोटीत बसतानाच काकांनी जाहीर केलं की ते पाण्यात उतरणार नाहीत. शर्टावर त्यांनी तरंगायचं केशरी जाकीट चढवलं होतं, त्यावर आणखी एक जाकीट मिळेल का याची चौकशीही केली होती.

"पोहता येत नाही हे ठीक आहे," चिमू म्हणाली, "पण दोन जाकिटं?"

"तारेचा भरवसा असतो. पाण्याला काय धरायचं?"

बेटाजवळ बोट थांबली. पाणी इतकं नितळ होतं की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडली होती. बाकीचे प्रवासी चष्मे लावून, तोंडात श्वासाच्या नळ्या धरून भराभर उतरले. काका लाकडी बाकाला धरून बसून राहिले.

"काका, उतरा."

"मी इथूनच बघतो."

"इथून काही दिसत नाही. आईला काय सांगणार, बोटीचं लाकूड चांगलं होतं?"

ते शिडीवरून उतरले, पण शेवटच्या पायरीवर थांबले. चिमू खाली उभी होती. पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं. आणि आता काकांनी तिचा कामाचा आवाज ऐकला. तलावावर लहान मुलांना शिकवायचा आवाज, काचेच्या भिंतीतून कधीच ऐकू न गेलेला.

"पाय खाली टेकवा. टेकला? वाळू लागतेय ना? आता माझ्या हातांवर आडवे व्हा. मान सोडा. मान कडक ठेवली की माणूस बुडतो. तुमची मान म्हणजे लोखंड आहे."

"सोडणार नाहीस ना?"

"सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

"सांगूनसुद्धा सोडू नकोस."

"बरं, नाही सोडत. आभाळाकडं बघा. कान पाण्यात जाऊ देत. श्वास घ्या, छातीत फुगा भरा. हळू. आज काय जेवलात?"

काकांना हसू आलं, आणि हसताना मान सैल सुटली. चिमूच्या हातांवरचं ओझं एकदम हलकं झालं. तिला ते लगेच कळलं, दररोज कळतं तसं. पण तिनं हात काढले नाहीत. नुसते एक बोटभर खाली नेले. काका पाण्यावर होते, आभाळाकडं बघत, तोंड थोडं उघडं. पोटावरचं केशरी जाकीट श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. आपल्याखाली कुणाचे हात नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. मग माहीत झालं, तरीही ते हलले नाहीत.

नंतर तिनं त्यांना चष्मा लावून पालथं केलं. त्यांनी तिचं मनगट जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. खाली पोवळ्यांची बाग होती, जांभळी, पिवळी, मेंदूसारख्या घड्या पडलेली. तिच्यामधून माशांचे थवे जात होते, एक थवा निळा, इतका निळा की तो पाण्याला भोक पडल्यासारखा दिसत होता. काका नळीतून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. "बू, बू," एवढंच येत होतं. मोकळ्या हातानं ते दाखवत होते, हा बघ, तो बघ, तिकडं. चिमूनं हे सगळं पुस्तकात आणि टीव्हीवर पाहिलेलं होतं. ती माशांपेक्षा त्यांच्या बोटाकडंच जास्त बघत होती.

वर आल्यावर काकांनी चष्मा काढला. डोळे लाल होते.

"पाणी गेलं का आत?" चिमूनं विचारलं.

"नाही." त्यांनी तळव्यानं तोंड पुसलं. "ती असायला हवी होती. तिनंच वाचलं हे सगळं, आणि बघितलं आपण."

"पुढच्या वेळी तिला आणू."

"त्या स्टुलावर तिला चढू द्यायचं नाही आता. मी करून देतो काहीतरी. लोखंडाचं."

"आधी बोटीवर चढा."

चिमूच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे चार वळ उठले होते. बोट बंदराला लागेपर्यंत ते फिके झाले.

विमानतळावर आईचा फोन आला तो काकांनी घेतला. वीस मिनिटं ते बोलत होते. निळ्या माशाबद्दल, लिफ्टमनबद्दल, पट्टा घासतोय हे आवाजावरून कसं कळतं त्याबद्दल, मान सैल सोडण्याबद्दल. चिमू समोर पिशव्या सांभाळत बसली होती. शेवटी त्यांनी फोन तिच्याकडं दिला.

"हे इतकं बोलतात?" आईनं विचारलं.

"चार दिवसांपासून," चिमू म्हणाली. "डोकं उठलंय माझं."

घरी आल्यावर मावशी गेली, आईचं प्लास्टर निघालं, आणि ग्रंथालयात कठडा असलेली लोखंडी शिडी आली. दोन महिन्यांनी तलावावर नवशिक्यांचा वर्ग सुरू झाला, रविवारी सकाळी. नोंदणीच्या रांगेत काका उभे होते, हातात अर्ज. चिमूला त्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं. तिनं अर्ज वाचला, शिक्का मारला आणि म्हणाली, "टोपी लागेल. चष्मा माझ्याकडचा चालेल."

त्या वर्गात अकरा मुलं होती, सगळी आठ-नऊ वर्षांची, आणि काका. पहिल्या रविवारी सगळ्यांनी कडेचा दांडा धरून पाय मारले. काकांचे पाय बुडत होते. दुसऱ्या रविवारी त्यांना कामाचा फोन आला म्हणून ते अर्ध्यातून गेले, आणि चिमूनं त्यांची गैरहजेरी लावली. त्यावर घरी जेवताना दोघांची चांगली अर्धा तास वादावादी झाली. आई जेवायची थांबून एकदा यांच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. मधे पडायची तिला गरज वाटली नाही.

सातव्या रविवारी आई काठी टेकत तलावावर आली. कडेच्या बाकावर बसली, मांडीवर पुस्तक उघडलं आणि एकही पान उलटलं नाही. रुंदीत तलाव पार करायचा होता. मुलं एकेक करून गेली. काका शेवटी सुटले, सरळ, पण फार हळू. निम्म्याच्या पुढं गेले आणि नाकात पाणी गेलं म्हणून उभे राहिले. पाणी त्यांच्या पोटापर्यंतच होतं.

"थांबायला कुणी सांगितलं?" चिमूनं काठावरून विचारलं.

काकांनी बाकाकडं एकदा पाहिलं, नाक शिंकरलं, चष्मा नीट बसवला आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.